झालरीची टोपी

६ फेब्रुवारी, मंगळवार

रोजनिशी लिहायची हौस मला कधीच नव्हती. पण कानाचे टाके काढता काढता डॉक्टरीणबाईंनी फर्मावलं, "काका, रोज किती वेळ उन्हात होतात ते लिहून ठेवत जा." तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. नोंद ठेवा म्हटलं की मला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. येतानाच वही आणली आणि रेघा मारून घेतल्या.

तर पहिली नोंद. उजव्या कानाच्या वरच्या टोकाला डाळीच्या दाण्याएवढा डाग होता, तो कापून काढला. तपासणीत वाईट काही निघालं नाही. पुढच्या वेळी निघणार नाही याची हमी मात्र बाई देत नाहीत. बावीस वर्षं दर शनिवार-रविवार मी क्रिकेटच्या साखळी सामन्यांत पंच म्हणून दिवसभर उन्हात उभा असतो, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. कान आणि मान झाकेल अशी रुंद काठाची टोपी घ्या, नाही तर पंचगिरी सोडा. हे सगळं मला हिने बाहेर आल्यावर पुन्हा सांगितलं, कारण बाई फारच हळू बोलतात. डॉक्टरांना मोठ्याने बोलायला हल्ली कोणी शिकवत नाही.

पंचगिरी सोडायची, मग उरतं काय? पेन्शन आणि भाजीची पिशवी. त्यात यंदाचा अंतिम सामना पंचवीस मार्चला आहे. बावीस वर्षांत तो मला एकदाही मिळालेला नाही आणि यंदा पहिलं नाव माझं आहे असं सेक्रेटरी स्वतः म्हणाला. आता सोडून कसं चालेल?

ऊन: वीस मिनिटं. दवाखाना ते घर, चालत.

८ फेब्रुवारी, गुरुवार

टोपी पाहिली. खेळाच्या सामानाच्या दुकानात, काचेच्या कपाटात, दागिन्यासारखी ठेवली आहे. चारी बाजूंनी पाच बोटं रुंद काठ, वर हवेसाठी जाळी, हनुवटीखाली दोरी. मागून कानांवर आणि मानेवर कापडाची झालर पडते. ऊन दोन टक्केसुद्धा आत येत नाही म्हणे. किंमत ऐकली आणि मला घाम फुटला, तोही सावलीत. माझ्या आजवरच्या सगळ्या टोप्या एका पारड्यात टाकल्या तरी हिचं पारडं हलणार नाही.

दुकानदार म्हणाला, "काका, हिला आयुष्यभराची गॅरंटी आहे."

"कोणाच्या आयुष्यभराची? माझ्या की टोपीच्या?"

तो हसला, पण उत्तर दिलं नाही. जिथे माप नीट सांगत नाहीत तिथे खोट असते, हा माझा जुना अनुभव.

घरी येऊन हिला म्हटलं, इतके पैसे टोपीवर घालणारा माणूस डोक्यावर पडलेला असला पाहिजे. ही म्हणाली, "डोकं एकच आहे ना? मग घ्या." बायकोला खर्चाचं सांगायला जावं आणि तिने एका वाक्यात परवानगी द्यावी, हे मला संशयास्पद वाटलं. दरवेळी पडद्याच्या कापडावरून सुद्धा आठवडाभर चर्चा चालते.

ऊन: पन्नास मिनिटं.

१० फेब्रुवारी, शनिवार

सामना. जुनी पांढरी टोपी, कानाला चिकटपट्टी आणि वर मलम. कीपरने विचारलं, "काटेसाहेब, कानाला काय चावलं?" मैदानावर मला सगळे काटेसाहेब म्हणतात, नोकरीतल्या तराजूच्या काट्यावरून. मला ते आवडतं, पण तसं दाखवत नाही.

जोडीला नेहमीप्रमाणे मास्तर. हा शाळेत चित्रकला शिकवायचा. अकरा वर्षं आम्ही जोडीने उभे राहतो. माणूस लाख आहे, पण त्याला हल्ली एक घाणेरडी खोड लागली आहे. मी बोलरच्या टोकाला असलो की हा तिकडे स्क्वेअर लेगला उभा राहून डावा कान चोळतो. आज चार वेळा चोळला. गंमत अशी की नेमकी तेव्हाच चेंडूने बॅटची कड घेतलेली असते आणि माझं बोट वर जातं. चारही निर्णय अचूक. स्कोअरर बाई चहाच्या वेळी म्हणाल्या, "काटेसाहेबांच्या कानातून कड सुटत नाही." निर्णय माझा आतूनच आलेला असतो, मास्तरकडे नजर जाते ती आपली सवयीने. पण उद्या कोणी येऊन विचारलं की तुमच्या जोडीदाराला खरूज आहे का, तर मी काय सांगू?

ऊन: साडेपाच तास. बाई ओरडणार.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

दूध उतू गेलं. मी तिथेच बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. ही म्हणते चार हाका मारल्या. एकही मारली नसणार. ही हल्ली पुटपुटते, आणि पुटपुटण्याला हाक म्हणते.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा दुकान. कपाटापुढे आज तिसऱ्यांदा उभा राहिलो. शेवटी दुकानदारच कंटाळून म्हणाला, "काका, असं करा. शनिवारी सामन्यात घालून बघा. किमतीची चिठ्ठी काढू नका, डाग पाडू नका. नाही पटली तर सोमवारी परत." म्हणजे नवरी पाहायला गेलो आणि मुलीच्या बापाने तिला दोन दिवसांसाठी घरी पाठवली. घेतली. मला यात दुकानदाराचा डाव दिसतो, पण माल तपासायला मिळत असेल तर निरीक्षकाने नाही म्हणू नये.

घरी आरशासमोर घातली. ही दारात उभी राहून इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. म्हणाली, मधमाश्यांचं पोळं काढायला निघाल्यासारखे दिसता. मग जवळ येऊन झालर सारखी केली आणि कानाच्या जखमेवर टेकत नाही ना ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहितो.

सकाळी टोपी छान वाटली. मानेला ऊन नाही, डोळ्यांवर झगमग नाही. मैदानात शिरताना मास्तरला बाजूला घेऊन स्पष्ट बजावलं, "हे बघ, कान खाजवायचा असेल तर घरी खाजव. इथे दोन्ही हात पाठीमागे. अंतिम सामन्याआधी समितीची माणसं बघत असतात." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "अरे, पण…" मी म्हटलं, पण नाही नि बिण नाही. बिचारा दिवसभर हात मागे बांधून उभा राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

दुपारनंतर बेकरीवाला माझ्या टोकाकडून बोलिंगला आला. हा ऑफस्पिनर, चाळिशीचा, पहाटे तीनपासून भट्टीवर असतो आणि दहा वाजता मैदानात. बोलतो कमी. ओव्हर सुरू करताना आपली मळकी निळी टोपी काढून माझ्या हातात देतो. बोलरने टोपी पंचाकडे द्यायची ही रीतच आहे, पण हा दोन्ही हातांनी देतो. तिच्यात नेहमी थोडं पीठ असतं. चौथ्या चेंडूला चेंडू वळला, बॅट्समन पुढे वाकला, कीपरने पकडला आणि सगळे उडाले. बेकरीवाला वळून माझ्याकडे पाहत होता, हात पसरून. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मास्तरकडे पाहिलं. तो दोन्ही हात पाठीमागे घेऊन ताठ उभा, तोंड कडू औषध प्यायल्यासारखं.

मी म्हटलं, नाबाद.

मैदानावर अशी शांतता मी कधी ऐकली नाही. बॅट्समनसुद्धा चालायला लागला होता, तो थांबला आणि खाली बघू लागला. त्यानंतर त्याने आणखी सत्तर धावा काढल्या आणि बेकरीवाल्याचा संघ हरला. हा सामना हरले तरी ते उपांत्य फेरीत जातील, प्रश्न तो नाही. ओव्हर संपल्यावर बेकरीवाल्याने माझ्या हातातून टोपी घेतली. पुढच्या ओव्हरला ती दिली नाही. पँटच्या पट्ट्यात खोचली आणि तशीच बोलिंग केली.

दोष टोपीचा आहे. झालर कानावर पडते, आवाज आत येणार कुठून? इतके पैसे घेऊन माणसाला बहिरं करणारी वस्तू विकतात.

ऊन: सहा तास. माझ्यावर शून्य.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज सामना नव्हता. उद्या टोपी परत करायची, पण पुराव्यानिशी. चाचणी न घेता मी उभ्या नोकरीत एकही काटा जप्त केला नाही. माळ्यावरून माझ्या खेळायच्या दिवसांतली बॅट काढली. बाहेरच्या दारापासून मागच्या दारापर्यंत बावीस यार्ड भरत नाहीत. अंतराची तेवढी सूट टोपीला दिली. हिला मागच्या दारी पडद्याआड उभं केलं. वीसपैकी दहा वेळा चेंडू बॅटच्या कडेला झटकन घासायचा, दहा वेळा नुसतं उभं राहायचं, क्रम तिच्या मनाचा. मी दरवेळी आवाज आला की कागदावर खूण करणार. आधी टोपी घालून, मग काढून. ही काही विचारेल म्हणून वाट पाहिली. तिने काहीच विचारलं नाही. पदर खोचून बॅट घेऊन उभी राहिली.

टोपी घालून: दहापैकी चार.
टोपी काढून: दहापैकी तीन.

बेरीज पुन्हा केली. मग हिला म्हटलं, अगं, नीट वाजव. पुन्हा दहा. टोपी न घालता. या वेळी दोन.

टोपी निर्दोष आहे.

नोकरीत असताना एक म्हातारा वाणी होता. त्याचा काटा दर खेपेला थोडा झुकायचा. मी शिक्का नाकारला तेव्हा तो म्हणाला होता, "साहेब, चोरी नाही हो केली. काटा माझ्याबरोबर म्हातारा झाला. त्याचं त्याला कळत नाही." मी काटा उचलून नेला होता. नियम तो नियम.

आता माझा काटा कोण उचलून नेणार? बसून राहिलो. फार लाज वाटली. आणि मग बसल्या बसल्या मास्तरचा डावा कान आठवला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

हिला सरळ विचारलं. ती भाजी निवडत होती. भाजी बाजूला ठेवली.

"मीच सांगितलं मास्तरभावजींना. दोन वर्षं झाली. म्हटलं, यांना कड ऐकू आली नाही तर काहीतरी खूण करा. ते म्हणाले, वहिनी, मी कान चोळीन."

"आणि मला नाही सांगावंसं वाटलं?"

"सांगितलं की. तीनदा सांगितलं."

"कधी?"

"तुम्हाला ऐकू नाही आलं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "चौथ्यांदा मोठ्याने सांगायला पाहिजे होतं. पण शनिवारी सकाळी बूट पुसताना तुम्ही शीळ घालता. ती बंद पडेल म्हणून भ्याले."

मी शीळ घालतो हे मला माहीतच नव्हतं.

नाचता येईना, अंगण वाकडं, ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली. संध्याकाळी टोपी दुकानात परत दिली. दुकानदार म्हणाला, "काय काका, काही खोट?" मी म्हटलं, "खोट आहे. पण तुमच्या मालात नाही."

२१ फेब्रुवारी, बुधवार

सेक्रेटरीला फोन करून सांगितलं की कानाची तपासणी होईपर्यंत माझं नाव काढा. अंतिम सामना मास्तरला द्या. गेल्या दोन वर्षांतले माझे अर्धे निर्णय त्याचेच आहेत. सेक्रेटरी म्हणाला, साहेब, हे कोणी सांगत नसतं. मी म्हटलं, म्हणून तर सांगतोय.

फोन ठेवल्यावर वाटलं होतं की रडू येईल. भूक लागली.

मास्तर संध्याकाळी आला. खूप भांडलो. तू मला फसवलंस, मी म्हटलं. तो म्हणाला, "फसवलं. पण खोटी खूण एकदाही केली नाही." तेही खरंच होतं. मग आम्ही चहा प्यायलो.

२८ फेब्रुवारी, बुधवार

कानाचे डॉक्टर. काचेच्या पेटीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. कागदावरची रेघ उजवीकडे जाताना जिन्यासारखी उतरत गेली. बारीक, तीक्ष्ण आवाज गेलेत, जाड उरलेत. डॉक्टर म्हणाले, यंत्राने बरंच भरून निघेल, पण सवय करावी लागेल. दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी यंत्रं बसवून बाहेर आलो.

घरी येईपर्यंत माझे बूट करकरत होते. नवीन नाहीत, चार वर्षं जुने आहेत. हिच्या बांगड्या, घड्याळ, वरच्या मजल्यावरची खुर्ची, सगळं एकदम. जेवताना ही नेहमीच्या आवाजात बोलली तर दचकलो. "अगं, ओरडतेस काय?" ती म्हणाली, "दोन वर्षांची सवय आहे, हळूहळू जाईल." म्हणजे पुटपुटत नव्हती तर.

३ मार्च, शनिवार

सकाळी बेकरीत गेलो. मागच्या बाजूला भट्टीपाशी बेकरीवाला पत्र्याचे ट्रे ओढत होता. बनियन, कोपरापर्यंत पीठ. मला पाहून थांबला नाही.

मी म्हटलं, "कड होती."

"होती साहेब."

"मला ऐकू आली नाही. कान गेलेत. आता हे लावलंय." डोकं वळवून यंत्र दाखवलं. इतक्या लोकांचे काटे तपासले, पण आपला दाखवताना मान अवघडते.

त्याने ट्रे खाली ठेवला. "मला वाटलं, मी उगाच ओरडतो असं तुम्हाला वाटतं. पुढच्या सामन्यात एक चेंडू पॅडवर सरळ लागला, तर मी अपीलच केलं नाही. म्हटलं, नको."

हे मला टोचलं. धाव गेली तर फळ्यावर दिसते. न केलेलं अपील कुठेच लिहिलं जात नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं. आणि नंतर दोष मी टोपीवर ढकलला होता, तेही चुकलं."

"बघू साहेब," तो म्हणाला. "मैदानात बघू." आणि गरम पावाची लादी कागदात बांधून दिली. पैसे घेतले, ते बरं केलं.

१० मार्च, शनिवार

टोपी विकत घेतली. दुकानदाराला पेढे वाटावेत इतका आनंद झाला. हिचाच हट्ट. म्हणाली, कान दुरुस्त केलेत, आता ते भाजून घेऊ नका.

पण घरी घातली आणि नवीनच भानगड. झालर यंत्रावर घासते. वारा आला की कानात कोणी कागद चुरगाळतंय असं होतं. हसावं की रडावं? पहिल्यांदा टोपीवर खोटा आळ घेतला, आता खरा आहे तर कोण विश्वास ठेवणार?

मी परत द्यायला निघालो तर हिने टोपी हातातून घेतली, उजेडात उलटीपालटी करून पाहिली आणि शिवणाची कात्री आणली. मी ओरडलो, "अगं, आयुष्यभराची गॅरंटी आहे!" तोवर दोन टाके उसवलेसुद्धा. "गॅरंटी गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "आयुष्य तुमचं आहे ना?" कानांवरचा भाग तिने गोलाकार कापला, कडेला बारीक टीप मारली, मानेवरची झालर तशीच. काठ रुंद आहे, कानावर सावली पडते. वर मलम आहेच.

डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं. चालेल म्हणाल्या. त्यांचा आवाज चांगला खणखणीत आहे.

१४ मार्च, बुधवार

नेटमध्ये रोज दोन तास उभा राहतो. पोरं बॅटिंग करतात, मी डोळे मिटून कड सांगतो. आज तीसपैकी सत्तावीस. कानाच्या डॉक्टरांनी लेखी दिलं. सेक्रेटरीचा फोन: अंतिम सामना मास्तरलाच, तो फिरवता येणार नाही. शनिवारी चोवीसला तिसऱ्या क्रमांकाचा सामना आहे, त्याला कोणी पंच तयार होत नाही, कारण तो बघायला कुत्रंही येत नाही. तुम्ही घ्याल का?

घेतला. मग विचारलं, संघ कुठले? त्यातला एक बेकरीवाल्याचा.

२४ मार्च, शनिवार

सकाळी बूट पुसताना शीळ ऐकू आली. थांबलो तर ती थांबली. स्वयंपाकघरात भांडी वाजायची बंद झाली होती.

कुत्रं खरंच आलं नाही, पण ही आली. झाडाखाली स्कोअरर बाईंच्या शेजारी बसली. मास्तर उद्याच्या अंतिम सामन्यासाठी विश्रांती घ्यायची सोडून आला होता, जोडीला कोणी मिळेना म्हणून. दिवसभर हात समोर, उघडे. एकदा डासाने चावलं तेव्हा त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग खाजवलं.

बेकरीवाला माझ्या टोकाकडून आला. निळी टोपी पट्ट्यात खोचलेली.

तिसऱ्या ओव्हरला चेंडू वळला, बॅट्समन पुढे वाकला, कीपरने पकडला आणि सगळे उडाले. अगदी तसंच. बेकरीवाला वळला, हात पसरून, जोरात ओरडला. त्याने अपील केलं याचाच मला आधी आनंद झाला. पण मी ऐकलं होतं. दोन आवाज. पहिला जाड, पॅडचा. दुसरा कोरडा, बॅट जमिनीला घासली त्याचा. कड नव्हती. आणि हे ऐकणारा मी होतो, दुसरं कोणी नाही.

हो म्हणून टाकणं किती सोपं होतं! मागची फेड झाली असती, मास्तर काही बोलला नसता, आणि या सामन्याची कोणाला पडली आहे? बोट वळवळलंसुद्धा.

मी म्हटलं, नाबाद.

बेकरीवाला जागेवर उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या कानाकडे पाहिलं.

"पॅड?" त्याने विचारलं.

"आधी पॅड. मग बॅट, जमिनीला."

त्याने थोडा विचार केला. मान डोलावली. "हो. मलाही मग तसंच वाटलं," म्हणाला आणि परत आपल्या खुणेकडे चालत गेला.

पुढची माझ्या टोकाची ओव्हर आली. तो चेंडू घेऊन आला, थांबला, पट्ट्यातून निळी टोपी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. तिच्यात पीठ होतं.

ऊन: सहा तास दहा मिनिटं. टोप्या: दोन.